सयामांच्या अंगणात दोन कोंबडे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे. असं म्हणणाऱ्यानं अंगणात कोंबडे पाळले नसावेत, नाहीतर तलवारींचं नाव कशाला काढलं असतं? तलवार निदान म्यानात गेली की गप्प बसते. कोंबडा पहाटे उठतो, बांग देतो, मग दुसऱ्याची बांग ऐकतो आणि त्याचं डोकंच फिरतं. पूर्वेकडच्या धानाच्या मुलखातल्या प्रतापगडाच्या पायथ्याकडच्या गावात वच्छलाबाई सयामच्या अंगणात या साली पोळ्यापासून हेच चाललं होतं. चुलीवर चहा चढायच्या आत पहिली मारामारी व्हायची आणि सूर्य कौलांवर येईतो बाईच्या नाकी नऊ आलेले असायचे.

थोरल्याचं नाव लाल्या. तांबडी मान, हिरवट काळी शेपूट आणि डाव्या पायाचं एक बोट वाकडं. पिल्लू होता तेव्हा मुंगसानं धरला होता. वच्छलाबाईचा नवरा पतिराम यानं हातातला विळा फेकून त्याला सोडवला आणि सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणला. मग काय, ते पिल्लू खिशातच राहायला गेलं. पतिराम चहाला बसला की ते मान बाहेर काढायचं आणि हा बशीतला बिस्किटाचा चुरा त्याच्यापुढं धरायचा. मोठा झाल्यावर लाल्या त्याच्या खांद्यावर बसून धानाच्या बांधीपर्यंत जायचा. पतिरामला म्हातारपणी दुसरा पोरगा झाला, असं गावातले लोक हसून म्हणायचे.

पतिराम जाऊन दोन हिवाळे झाले. त्याची खाट पडवीत तशीच होती. दिवस मावळला की लाल्या खुराड्यात जायच्या आधी त्या खाटेच्या उशाशी चढून बसायचा. वच्छलाबाई शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि त्याच्याशी बोलायची. बांधीत पाणी किती आहे, देवेंद्र आज कुणाशी भांडला, गुडघा कसा ठणकतो, जे पतिरामला सांगितलं असतं ते सगळं ती कोंबड्याला सांगायची. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या, ज्यांचे नवरे घरात बसून विड्या ओढतात त्यांना हसायला काय जातं?

धाकटा बिट्टू हा लाल्याचाच पोरगा. हा थंडीत जन्मला आणि जन्मला तोही वाईट दिवसांत. देवेंद्रची बायको रुचिका, सौंदडकडची पोरगी, लग्नाला वर्ष झालेलं, तिचं पोट पाचव्या महिन्यात खाली झालं होतं. दवाखान्यातून आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रडायची नाही, बोलायची नाही, ताट ठेवलं तर तसंच परत यायचं. त्याच आठवड्यात कोंबडीनं एक पिल्लू टाकून दिलं. बाकीची घेऊन ती गेली आणि हे एकटं ओल्या चिंधीसारखं पायरीपाशी पडलं. वच्छलाबाईनं ते उचलून सुनेच्या उशाजवळ ठेवलं आणि म्हणाली, मला शेण काढायचं आहे, तू बघ जरा. त्यात काही बेत नव्हता, खरंच शेण काढायचं होतं. परत येऊन बघते तर सून चुलीजवळ बसून कणीची पेज बोटानं त्या पिल्लाच्या चोचीत घालत होती. त्या दिवसापासून रुचिका उठली.

आता ते पिल्लू पोळ्यापर्यंत उंच पायांचं, पांढऱ्या ठिपक्यांचं, मस्तीखोर कोंबडं झालं. पहिली बांग दिली ती सायकलचा पंप मारल्यासारखी होती. रुचिका तोंडावर पदर धरून हसली, आणि तिला कितीतरी दिवसांनी हसताना बघून वच्छलाबाईचे डोळे भरून आले. पण लाल्यानंही ती बांग ऐकली होती. तो गोठ्याकडून मान ताठ करून आला, पंख जमिनीला घासत एक फेरी मारली आणि पोराच्या तुऱ्यालाच लटकला.

मग सुरू झालं. मानेची पिसं छत्रीसारखी फुलवून दोघं समोरासमोर उभे राहायचे, एकदम उडायचे आणि पायाच्या काट्यांनी एकमेकांच्या छातीवर मारायचे. कोंबड्या बाजूला उभ्या राहून धान टिपायच्या, त्यांना कशाचं काही नाही. वच्छलाबाई पाण्याचा गडू घेऊन धावायची. काठी घेऊन नाही. काठीनं कोंबडा जास्तच पेटतो आणि पाणी पडलं की पिसं चिकटून त्याला लाज वाटते, असं पतिराम सांगायचा. त्याच्या काळात या अंगणात तीन तीन कोंबडे नांदले होते. एकाला उगवतीच्या कोपऱ्यात दाणे, दुसऱ्याला मावळतीच्या, आणि दोघांना एकाच वेळी. मध्ये जुन्या लुगड्याचा आडपडदा. पायाचे काटे दगडावर घासून बोथट करायचे. रक्त निघालं तर लगेच हळद लावून झाकायचं, कारण रक्त दिसलं की कोंबड्याही टोचतात. आणि गोठ्याच्या मागं सिंदीच्या झावळ्या टाकून ठेवायच्या. "हारलेल्याले तोंड लपवाले जागा पायजे," तो म्हणायचा, "मग तो दुसऱ्यांदा लढाले येत नाई."

वच्छलाबाईनं हे सगळं केलं. अर्धा दिवस एकाला टोपल्याखाली ठेवायची, अर्धा दिवस दुसऱ्याला. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. टोपल्यातला आतून बांग द्यायचा, बाहेरचा टोपल्यावर चढून उत्तर द्यायचा. बिट्टूच्या तुऱ्याचा एक लचका गेला, लाल्याचा डोळा सुजला. आणि हे सगळं निभावलं असतं हो. खरी भीती वेगळीच होती. नव्याचा दिवस जवळ येत होता.

सयामांच्या घरची एक रीत होती. धान पिकायला लागला की पहिल्या लोंब्या आणून देवापुढं ठेवायच्या, नवा तांदूळ शिजवायचा आणि एक कोंबडा द्यायचा, हे तर आसपास सगळेच करतात. पण या घरात दोन कोंबडे असले तर कोणता द्यायचा हे माणसानं ठरवायचं नाही. आदल्या संध्याकाळपासून दोघांना उपाशी ठेवायचं, सकाळी देवापुढं दोघांसमोर नव्या तांदळाचे दाणे टाकायचे आणि जो आधी दाणा गिळेल तो देवाचा. राहील तो अंगणाचा धनी. त्या अंगणातली भांडणं अशी वर्षाच्या वर्षाला मिटायची. दोन कोंबडे घरात असताना बाहेरचा आणलेला देवाला चालत नसे, आणि पोळ्यापर्यंत आरवलेला कोंबडा कुणाला देता येत नसे की विकता येत नसे. मागच्या साली घरात लाल्या एकटा होता, म्हणून दीर भैय्यालालनं आपल्या घरचा आणून भागवलं. यंदा दोन होते.

लाल्या जाईल या विचारानं वच्छलाबाई रात्री दोनदोनदा उठून खुराडं चाचपून यायची. नवरा गेला तेव्हा ती चारचौघांत रडून मोकळी झाली होती. पण हा गेला तर संध्याकाळी त्या खाटेपाशी बसून बोलायचं कुणाशी? देवेंद्र म्हणाला, आई, बिट्टूला गुपचूप कामठ्याच्या मित्राकडे सोडून येतो, कुणाला कळणार आहे? तिनं त्याला असं झापलं की तो दिवसभर घरात फिरकला नाही. कोंबड्यांच्या झुंजी लावणारे दोघे मोटारसायकलवर आले, बिट्टूचे पाय बघून त्यांची लाळ गळत होती. त्यांनाही तिनं दारातूनच परत लावलं. रीत म्हणजे रीत.

रुचिका मात्र फक्त एकदा, भांडी घासताना, मान वर न करता म्हणाली, "आत्या, देव म्हणल तसं." आणि घासलेलाच भाताचा गंज पुन्हा घासायला घेतला. वच्छलाबाईला ते दिसलं. पण दिसलेलं सगळं मनावर घ्यायला माणसाला सवड असावी लागते आणि तिच्या मनात तेव्हा लाल्याशिवाय कुणी नव्हतं. तिच्या मनात एक पाप शिजत होतं.

पाप म्हणजे काय, तर मूठभर तांदूळ. नव्याच्या दिवशी सगळे झोपेत असताना लाल्याला पोटभर खाऊ घालायचं. भरल्या पोटाचा कोंबडा दाण्याकडे बघायचा नाही. उपाशी बिट्टू तुटून पडेल. देवाला फसवायचं, साधी गोष्ट नव्हे. तिनं मनातल्या मनात देवाची माफी मागितली, म्हणाली, म्हातारीचा एवढा एक गुन्हा पोटात घाल.

त्या पहाटे ती उठली, मडक्यातून तांदूळ काढले आणि अंगणात आली. धुक्यानं गोठा अर्धा झाकला होता. दोन टोपले दोन कोपऱ्यांत पालथे होते. लाल्याच्या टोपल्याजवळ ती बसली, टोपला कलता केला आणि ओंजळ आत धरण्याआधी एक हात सवयीनं लुगड्याला पुसला. आणि तशीच थांबली.

असा हात पुसताना तिनं कुणाला तरी पाहिलं होतं. पतिरामला. धोतराला हात पुसत याच कोपऱ्यातून येताना, याच दिवशी, दर साली. वर्षभर कोंबड्या सोडायचं काम तिचं. पण नव्याच्या दिवशी तो तिच्या आधी उठायचा आणि म्हणायचा, आज मी पाहतो, तू पड. तिला वाटायचं, देवाचा दिवस म्हणून नवरा सोवळ्यानं वागतो. बाई गं! हातांना तांदळाचा कोंडा असायचा, तो ती दर साली बघायची आणि तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

तिला पांढरा कोंबडा आठवला. लग्न होऊन आली तेव्हा आईनं तिच्याबरोबर एक पांढरी कोंबडी दिली होती. त्या कोंबडीच्या वंशातला तो शेवटचा, एका डोळ्यानं आंधळा, पायानं अधू. त्या साली आई गेली होती आणि माहेर म्हणून वच्छलाला तेवढा एक आंधळा कोंबडा उरला होता. दुसरा कोंबडा होता पतिरामचा काळा. त्याला त्यानं अंड्यातून बाहेर आल्यापासून हातावर वाढवला होता. लांबलांबची माणसं तो बघायला यायची, आणि पतिराम त्याला काखेत घेऊन गावभर मिरवायचा. दाण्यांशी पांढरा आधी झोंबणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तो कायमचाच हावरा. पण दाणे पडले आणि पांढरा ढिम्म उभा राहिला. काळ्यानं मान घातली आणि गिळले. देवानं काळा नेला. वच्छला त्या दिवशी देवापुढं डोकं टेकून ढसाढसा रडली, की देवा, तुला माझं दुःख कळलं. पतिराम बाजूला उभा होता. त्याचे डोळे लाल होते, पण तो म्हणाला एवढंच, "पाहिलं नं? देवाच्या मनात हाय, का तुह्या माहेरचं नाव पुसू नोये."

ही गोष्ट तिनं आयुष्यभर सगळ्यांना सांगितली. देवेंद्रला अंगाईसारखी सांगितली. रुचिका अंथरुणावर होती तेव्हा तिलाही सांगितली, देव बघत असतो पोरी म्हणून.

"चोट्टा," वच्छलाबाई धुक्यात मोठ्यानं म्हणाली. "लुच्चा मेला." आणि तिला हसू आलं. मग हसता हसता रडू आलं आणि ते थांबेना. देवानं कुठं काय केलं होतं? त्या माणसानं स्वतःच्या हातानं तिच्या आंधळ्या कोंबड्याचं पोट भरलं होतं आणि आपला काळा उपाशी ठेवला होता. आणि जन्मभर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर तिला त्याचे उपकार वाटले असते. न बोलल्यामुळं तिला देव मिळाला. केवढं प्रेम केलं होतं ग त्या अडाण्यानं, आणि तिला ते आज कळत होतं, तो नसताना.

टोपल्याखालून लाल्यानं मान काढली. तिच्या मुठीचा वास त्याला आला होता. तो कुक् कुक् करत हाताला चोच लावू लागला, भुकेला होता बिचारा. वच्छलाबाईनं त्याच्या तांबड्या मानेवरून हात फिरवला. वाकड्या बोटाला हात लावला. घासलेलाच गंज घासणारी सून तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि यावेळी ती मनावर घ्यायला तिला सवड होती.

"माफ करजो बाप्पा," ती लाल्याला म्हणाली. कोणाला म्हणाली, लाल्याला की पतिरामला, तिचं तिला ठाऊक. तिनं टोपला खाली टेकवला, उठली, दुसऱ्या कोपऱ्यात गेली आणि मुठीतले सगळे तांदूळ बिट्टूपुढं ओतले. तो बकाबका खाऊ लागला. संपले तशी आत जाऊन तिनं आणखी आणले. त्याची गळ्याखालची थैली टणक होईपर्यंत तिथंच बसून राहिली.

ऊन वर आलं तसा भैय्यालाल आंघोळ करून आला. अंगण सारवलेलं होतं, लोंब्यांचं तोरण लागलं होतं. देवेंद्रनं दोन्ही कोंबडे आणून देवापुढं धरले. रुचिका दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. भैय्यालालनं पितरांची नावं घेतली, पतिरामचं शेवटी घेतलं, मग त्यानं दाणे टाकले आणि देवेंद्रनं हात सोडले.

बिट्टूनं दाण्यांकडे पाहिलं, एक पाय उचलला आणि चोचीनं आपली छाती खाजवत बसला. लाल्या पुढं झाला. त्यानं एक दाणा चोचीत उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला आणि कुक् कुक् करून कोंबड्यांना हाका मारू लागला. जातिवंत कोंबडा उपाशी असला तरी आधी बायकांना बोलावतो. पतिरामला त्याच्या याच गुणाचं कौतुक होतं. कोंबड्या धावत आल्या, टिपू लागल्या. भैय्यालाल थांबून राहिला, गिळल्याशिवाय मोजायचं नाही. वच्छलाबाईला वाटलं, आता हा कोंबड्यांनाच सगळं खाऊ घालणार आणि देवापुढं आपलं हसं होणार. तिच्या मनातून एक चोरटी आशाही उठली, खोटं कशाला बोला. पण दोन दाणे उरले होते. लाल्यानं मान वाकवली आणि एक गिळला.

"लाल्या," भैय्यालाल म्हणाला. मग वळून वहिनीकडे बघायचं त्याला धाडस होईना.

रुचिकानं डोळे उघडले. बिट्टू अजून छातीच खाजवत होता. तिनं तोंडावर हात ठेवला, आणि मग एकाएकी खाली बसली आणि रडू लागली, मोठ्यानं, दवाखान्यातून आल्यापासून अडलेलं सगळंच त्या रडण्यात येत होतं. देवेंद्र गोंधळून आईकडे पाहत राहिला. वच्छलाबाईनं त्याला हातानंच खूण केली, की रडू दे. लाल्याला घेऊन भैय्यालाल घरामागं गेला तेव्हा ती सुनेची पाठ थोपटत होती आणि तिनं तिकडं मान वळवली नाही.

दुपारी पळसाच्या पानांवर नवा भात वाढला. नव्याचा पहिला घास घरातल्या थोरल्यानं घ्यायचा आणि त्यावर देवाच्या कोंबड्याचा तुकडा असायचा. तो खाल्ल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही. आता घरात थोरली वच्छलाबाईच होती. पान तिच्यापुढं ठेवून रुचिका समोर बसली. डोळे सुजले होते, पण चेहरा धुतल्यासारखा हलका झाला होता.

"आत्या," ती हळू आवाजात म्हणाली, "लाल्या तुमचा होता. बाबूजींचा होता. मले तं वाटत होतं देव माह्याच पासचं घेऊन जाते नेहमी. आज काऊन असं झालं?"

खरं सांगितलं असतं तर पोरीला सासू मोठी वाटली असती. वच्छलाबाईनं भात कालवला.

"देवाच्या मनातलं आपल्याले काय समजते पोरी," ती म्हणाली. "तुह्याकडं पाहून राहिला असल."

आणि तिनं घास तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून तिनं गिळला, पाणी प्यायली आणि रुचिकाला म्हणाली, खा आता, भात निवून राहिला.